विहिरीवरचं इंजिन

अजूनही दुपारी डोळा लागला की मला ते इंजिन ऐकू येतं. टुकटुक, टुकटुक, उन्हाच्या पलीकडून. बेसा गावातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीवर, पाणी ओढायचं ते छोटं डिझेल इंजिन. आता तिथं प्लॉट पडलेत.

थंडीत बागेला ताण द्यायचे, म्हणजे पाणी तोडायचं. झाडं सुकत, पानं गळू लागत, आणि मग नेमक्या दिवशी पहिलं पाणी दिलं की सारी बाग फुलांनी पांढरी होई. मधेच पाणी मिळालेल्या झाडाला नुसती पालवी फुटे. हे मला माहीत नव्हतं, असं मी आजवर सांगत आले. स्वतःलाच. माहीत होतं.

त्या वर्षी बाबांनी इंजिन दादाच्या हाती दिलं होतं. "हा बहार नीट काढ, मंग बाग तूच पाह्य," म्हणाले होते. दादाला दुसरं काही नकोच होतं.

माझं लग्न तोंडावर आलं होतं. विहिरीजवळच्या एका झाडाखाली मी दुपारची बसायचे. त्याची पानं रोज थोडी अधिक मिटायची, आणि मला ते पाहवत नव्हतं. एका दुपारी सगळे शहरात, महालच्या बाजारात माझ्या साड्या घ्यायला गेले. मी डोकं दुखतं म्हणून मागे राहिले.

दादाला इंजिन लावताना कितीदा पाहिलं होतं. वरचा खटका उचलायचा, हँडल गरगर फिरवायचं, वेग आला की खटका पाडायचा. इंजिन लागलं. पाटाचं पाणी त्या झाडाच्या आळ्यात आलं आणि मातीत मुरत गेलं. मी पाण्यात पाय सोडून बसले. किती वेळ, कोण जाणे. होणाऱ्या नवऱ्याचं तोंड आठवायचा प्रयत्न करत होते, ते येत नव्हतं.

मग लक्षात आलं, इंजिन बंद कसं करतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. टाकीतलं उरलंसुरलं डिझेल संपलं तेव्हा ते खोकलं आणि आपणच थांबलं. ओल्या आळ्यावर मी कोरडी माती पसरली.

पहिल्या पाण्याच्या दिवशी दादानं हँडल मारलं. नुसतं फुसफुस. टाकी उघडली तर कोरडी.

"काहून गा, डिझेल कुठं गेलं?" बाबांनी विचारलं.

"मी बंद केलं तेव्हा होतं, बाबा."

"मंग झाडं पेली का?"

टाकी भरली, तरी नाही. कोरड्या पडलेल्या नळीत हवा शिरली होती. दादा नट ढिला करी, फेस काढी, पुन्हा आवळी, पुन्हा हँडल मारी. तळाचा गाळही ओढला गेला होता, तो फिल्टर उघडून धुतला. त्याच्या तळहातांची सालटी निघाली. मी चहा घेऊन उभी. शब्द अगदी ओठांवर होते. बाबांनी काय केलं असतं मला? रागावले असते. तेवढंच.

ऊन कलल्यावर इंजिन लागलं. बाबांनी हँडल काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. "उद्यापासून तू हात नको लावू."

दादानं पुढे महालात सायकलचं दुकान टाकलं. बाग बाबांच्या मागे विकली.

परवा त्या दुकानात जाऊन मी एकदाचं सांगितलं. तो उलट्या सायकलचं चाक तपासत होता. वर न पाहता म्हणाला, "मले माहीत होतं वं. तू सासरी गेल्यावर बाग फुलली ना, सारी पांढरी. विहिरीपासचं, तू बसायची ते एकच हिरवंगार."

"मंग बाबाले काहून नाही सांगितलं?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

त्यानं चाकाला हात मारला. ते फिरत राहिलं.