गल्लीच्या झारीतला अंगठा

माझ्या फजितीचे किस्से अंबडच्या आमच्या गल्लीत पोराटोरांनाही तोंडपाठ आहेत. मीच सांगत फिरतो ना! पण हा एक — हा बायकोलासुद्धा सांगितलेला नाही. आता तुम्हाला सांगतोय, तरी दार लागलंय का ते दोनदा बघून आलो.

आमच्या गल्लीची एक चिनीमातीची झारी आहे. म्हणजे — होती. पाडव्याला तिच्यातून सगळ्यांना पन्हं ओतायचं, वर्षभराची भांडणं त्या घोटाबरोबर गिळायची, आणि झारी पुढच्या घरी सांभाळायला द्यायची. ओतायचा मान समोरच्या गोदामावशींचा. मुठीच्या आतल्या बाजूला घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा खळगा होता, ओतणाऱ्या हातालाच कळेल असा. मावशींचा अंगठा त्यात नेमका बसायचा.

आमची पाळी आली. झारी राखेनं, गार पाण्यानं धुवायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मी हुशार! उकळतं पाणी ओतलं. टच्च.

तेव्हाच बोललो असतो तर? चार शिव्या, वर आणखी एक किस्सा. पण गल्लीची झारी फोडली म्हणायची हिंमत कुठली! तुकडे शहागडच्या पुलावरून गोदावरीत टाकले. मागं ट्रकनं हॉर्न दिला, तर वाटलं अख्खी गल्लीच आली. जालन्याच्या बाजारातून तशीच दुसरी आणली, चहाचं पाणी फासून तिला म्हातारी केली.

पाडव्याला मावशींनी ती उचलली आणि थबकल्या. "ही आपली झारी न्हाई रे. अंगठा कुठं गेला हिचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडातून निघालं काय? "अंगठा होता कधी, मावशी? तुमची याददाश्त गेली बिलकुल!"

गल्ली खो-खो हसली. मावशींचा मुलगा तेवढा हसला नाही.

मंग त्यानं त्यांचं एकटीनं बाजारात जाणं बंद केलं. नंतर गॅसजवळ जाणं. "आई विसरून राह्यली," म्हणतो. विसरत होत्या का त्या? काहीसुद्धा नाही. मला माहीत होतं — मला एकट्याला.

आता त्या दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांची काठी वाजली की मी पेपर तोंडासमोर धरतो. स्वतःवर भरवसा उरला नाही, म्हणून विचारतात — मला! — "मी जेवले का रे आज?"

परवा हळूच म्हणाल्या, "तो अंगठा... खरंच नव्हता का रे?"

"न्हाई, मावशी."

"बराबर," म्हणाल्या, आणि आपल्याच अंगठ्याकडे बघत बसल्या.