हाय का कोणी आत?

आमच्या घरी कुठल्याही खोलीचं दार बाहेरून लावायच्या आधी पप्पा आत डोकं घालून विचारतात, "हाय का कोणी आतऽऽ?" एकदा नाही, तीनदा. दोन हाकांच्या मध्ये थांबतात, कान देतात. एरवी ते 'आहे' म्हणतात, दुकानातल्या गिऱ्हाइकांशी, माझ्या मैत्रिणींशी. या हाकेपुरतं मात्र दिंडोरीकडचं गाव त्यांच्या तोंडात येतं. मम्मी चपला घालून जिन्यात ताटकळत असते. "कोण असणारे आत? माझी आई बसलीय का लपून?" म्हणते. तरी तिसरी हाक झाल्याशिवाय कडी लागत नाही. मागच्या खोलीचं तर हे रोजचंच, कारण गॅलरीतून मांजर शिरतं म्हणून त्या खोलीला आम्ही बाहेरून कडी घालतो.

पाहुणे हसायचे. मी हसायचे नाही. ही सवय कुठून आली ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्यामागचं खरं फक्त मला माहीत होतं, आणि सतरा वर्षं मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

पप्पा पूर्वी म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडवर, द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होते. मी दुसरीत होते. मम्मी दोन दिवस माहेरी गेली होती, म्हणून शाळा सुटल्यावर पप्पा मला कामावर घेऊन गेले. ऑफिसातल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, इथून हलायचं नाही. मी हलले. बाहेर मार्चचं ऊन होतं आणि तीन नंबरच्या चेंबरमधून गार हवा येत होती. आत माझ्या दुप्पट उंचीच्या खोक्यांच्या राशी होत्या, आणि द्राक्षं टिकावीत म्हणून घालतात त्या कागदाचा, नुकत्याच विझलेल्या काडीसारखा वास. मी शेवटच्या राशीमागे जाऊन बसले.

चेंबरचं दार लावायच्या आधी आत तीनदा हाक मारायची, हा तिथला नियम होता. दिव्याचं बटण बाहेर, दार हातभर जाड, आतून कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नाही. पप्पांनी हाक मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ते दोन पावलं आत आले. राशींच्या फटीतून मला त्यांचे गमबूट दिसत होते.

मी ओ दिली नाही.

का, याची मी पुढे खूप उत्तरं तयार केली. 'कोणी' म्हणजे हमाल, मी नाही, असं मला वाटलं असेल. खुर्चीवरून उठल्याची भीती असेल. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट, मिस' म्हणायलाही मला जमायचं नाही. आवाज घशापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा. एकदा मिसने मी समोर बसलेली असताना माझी गैरहजेरी मांडली आणि मी ती निमूटपणे मान्य केली होती. ही सगळी उत्तरं थोडी थोडी खरी आहेत. पण मला आठवतं ते इतकंच, की त्यांचे पाय मला दिसत होते, आणि मी त्यांना दिसत नव्हते, आणि मी गप्प राहिले.

दार लागलं. दिवा गेला. पंख्यांची घरघर तेवढी राहिली, मग तीही थांबली. त्या शांततेत मला कोणाचा तरी श्वास ऐकू आला. माझाच असणार. पण मी श्वास रोखून धरला तेव्हाही तो चालू होता. माझ्याशिवाय आणखी कोणीतरी तिथं ओ न देता बसलंय, असं मला वाटलं, आणि थंडीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

वीस-पंचवीस मिनिटांनी पॅकिंगच्या एका मावशीला रिकाम्या खुर्चीवर माझी वॉटरबॅग दिसली, म्हणून मी सापडले. मला गोणपाटात गुंडाळून उन्हात बसवलं. सगळे गोळा झाले. शेठ वाकून म्हणाले, "पप्पांनी हाक मारली होती का गं?"

वीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. नाही.

"रोज मारतो मी, शेठ," पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "आज राहिली असेल."

सीझन संपल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. कोणी काढलं नव्हतं. आता ते स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतात. आणि घरातल्या प्रत्येक दाराशी तीनदा हाक मारतात.

यंदा त्या कोल्ड स्टोरेजचं कला केंद्र झालं. दोन नाट्यगृहं, चित्रांची दालनं, नाचाचे वर्ग, मातीकामाचं शेड, वाचनालय, कॅफे. पेपरात फोटो आला तेव्हा पप्पांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे तीन नंबरचं दार आहे." मग दोन दिवसांनी म्हणाले, "रविवारी मोकळी आहेस का? तुला अशा ठिकाणचं कळतं. मला तिथं कोणी उभं करणार नाही."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेटवरचा माणूस "या सर" म्हणाला तेव्हा ते मागे वळून बघायला लागले.

आतून सगळं पांढरं, उंच आणि गार होतं. लोक हळू आवाजात बोलत होते. मोठ्या दालनात चित्रं लावलेली होती, पण पप्पा छताकडे बघत होते. "इथं प्री-कूलिंग होतं, माल आला की आधी इथं गार करायचे," ते म्हणाले. "ते कॉफी पितायत ना, तिथं बायका घडातले खराब मणी कातरायच्या." दालनाच्या मधोमध चालताना ते एकाएकी डावीकडे वळले, चार पावलं गेले, आणि पुन्हा सरळ रेषेत आले. तिथं काहीच नव्हतं. मोकळी, चकचकीत फरशी.

"पप्पा, असं का वळलात?"

"वजनकाटा..." म्हणाले आणि थांबले. मग कसंनुसं हसले.

परत येतानाही ते त्याच जागी वळले. मीही वळले. त्या काट्यावरून सरळ चालत जायचा मला धीर झाला नाही.

पॅसेजच्या शेवटी जुन्या भिंतीचा एक तुकडा रंग न देता तसाच ठेवला होता आणि त्याच्यावर वरून छोटा दिवा सोडला होता. लाल अक्षरं अर्धी उडालेली: 'दार लावण्यापूर्वी आत कोणी नाही याची खात्री करा.' दोन मुली त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होत्या. पप्पांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि पुन्हा खिशात ठेवला.

तीन नंबरच्या दाराशी काळ्या टीशर्टमधली एक मुलगी स्टुलावर बसली होती. आत कोण्या कलावंताची अंधाराची खोली होती.

"एका वेळी पाच जण," ती म्हणाली. "मोबाइल बंद. दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते, मग दिसायला लागतं."

"काय दिसतं?" पप्पांनी विचारलं.

"समोरच्या भिंतीवर निळा प्रकाश आहे, काका. अगदी मंद."

"तुम्ही बघितला?"

ती ओशाळली. "नाही. मला सांगितलंय तसं. मी काही बसत नाही आत, मला भीती वाटते."

पप्पा माझ्याकडे वळले. "तू जा. मी पाणी पिऊन येतो." घाईने निघून गेले.

माझ्याबरोबर एक जोडपं आत आलं. दार लागलं. लावायच्या आधी त्या मुलीने आत बघितलंही नाही. हात पुढे करून मी बाक शोधला आणि सगळ्यात मागच्या कोपऱ्यात बसले. अंधार तोच होता. अंधार सगळीकडे सारखाच असतो हे मला कळतं, तरी सांगते, तोच होता. आणि तो वास. भिंतींना नवा रंग होता, खाली गालिचा होता, कित्येक महिन्यांत तिथं द्राक्षाचा एक मणी आला नसेल. तरी विझलेल्या काडीचा तो वास मला आला.

"काहीच नाहीये यार," अंधारात तो मुलगा म्हणाला.

"थांब ना, दहा मिनिटं म्हणालीय ती."

"दहा मिनिटांत दोन मिसळ झाल्या असत्या."

ती खुदकन हसली. थोड्या वेळाने दार उघडलं, उजेडाची फट आली, दोघं बाहेर गेले. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. मी उठले नाही. त्या उजेडात समोरची भिंत दिसत होती आणि तिच्यावर निळं काही नव्हतं. माझ्या उजव्या हाताला मात्र, जिथं शेवटची रास होती तिथं, काहीतरी करडं होतं. माझ्या कमरेएवढ्या उंचीचं. मी डोळे मिटून उघडले. ते तसंच होतं. मी श्वास रोखला आणि मला श्वास ऐकू आला.

बाहेर पप्पांचा आवाज. "माझी मुलगी?"

"सगळे बाहेर आले, काका. मी लंच ब्रेकला बंद करतेय."

"ती नाही आली."

"कॅफेत गेली असेल. आत कोणी नाहीये."

"तुम्ही हाक मारली का?"

"दाराला काउंटर आहे काका, माणसं आपोआप मोजतो." ती थोडी हसली असावी.

मग दार पुरतं उघडलं आणि त्यांची सावली आत पडली. "हाय का कोणी आतऽऽ?"

पॅसेजमधलं बोलणं थांबलं. कोणीतरी हसलं. मला उठून "आले" म्हणायचं होतं. साधी गोष्ट होती. मी चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते. आवाज घशापर्यंत आला आणि तिथंच बसला. आपण पुन्हा गप्प बसणार आहोत हे मला अगदी स्पष्ट कळलं. बाजूचं ते करडं माझ्या उत्तराची वाट बघत होतं असं वाटलं. नाही, उत्तराची नाही. माझ्या गप्प राहण्याची.

"हाय का कोणी आतऽऽ?"

ते थांबले. कान दिला. मग तिसऱ्यांदा दोन पावलं आत आले. त्यांचे रविवारचे पॉलिश केलेले बूट मला दिसले.

"हाय का..."

"आहे," मी म्हणाले. "मी आहे, पप्पा."

"ओ द्यायची नाही का?" पप्पा म्हणाले. "केव्हाचा ओरडतोय."

"त्या दिवशीही मारली होती तुम्ही."

"काय?"

"हाक. त्या दिवशी. तीनदा मारली होती. मी ऐकली होती."

उजेड त्यांच्या पाठीमागे होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. त्यांना मी दिसत नव्हतेच.

"तिसऱ्यांदा असेच आत आला होतात तुम्ही. डाव्या गमबुटाला वरून निळी सुतळी बांधली होती."

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "फाटला होता तो." आणि लगेच, मोठ्याने, "चल बाहेर. त्या पोरीला जेवायचंय."

बाहेर येताना मी कोपऱ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं असं आता वाटतं.

स्कूटर सिग्नलला थांबल्यावर पप्पा मान न वळवता म्हणाले, "तू मान हलवली होतीस."

"हो."

"का?"

"सगळे बघत होते."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला तेव्हा कुठे त्यांनी स्कूटर पुढे घेतली.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला, मम्मीला केंद्राचं वर्णन सांगितलं, कॅफे छान आहे म्हणाले. संध्याकाळी दोघं भाजीला निघाले. मी मागच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. दिवेलागण झाली होती, पण मी दिवा लावला नव्हता. पप्पांची पावलं दारापर्यंत आली. मी घडी हातात धरून थांबले. आज मी पहिल्याच हाकेला ओ देणार होते. मनात तयारी करून बसले होते.

दार ओढलं गेलं. कडी लागली.

पावलं समोरच्या दाराकडे गेली, मम्मीचा आवाज आला, "आज लवकर आटपलं?" मग कुलूप, मग जिना.

मी तिथंच उभी राहिले. रागावले असतील का? विसरले असतील? की आता त्यांना हाक मारायची गरजच उरली नसेल? खोलीत अंधार दाटत होता. कपड्यांच्या ढिगापलीकडे, कपाटाशेजारी, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर काहीतरी करडं होतं. टॉवेल असेल. मी श्वास रोखला नाही. रोखून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मी गॅलरीत धावले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, "पप्पाऽऽ! मी आत आहे!"

समोरच्या बिल्डिंगमधली बाई खिडकीत आली. जिन्यातली पावलं थांबली. ती वर येतायत की तिथंच उभी आहेत, मला कळेना. मी पुन्हा हाक मारली. थांबले, कान दिला, आणि मग तिसऱ्यांदा.