पाणी गार होतं का?

हीटरवर वाळणाऱ्या ओल्या लोकरी कोटाचा वास आला की मला मँचेस्टरमधली परीक्षेची ती खोली आठवते. भाषणाची ही परीक्षा पास झाले तर भाषणाच्या वर्गाला न बसताच कॉलेजचं क्रेडिट मिळणार होतं आणि सगळ्यांपुढे वर्षभर बोलणं टळणार होतं. पाठीला डबा बांधून मी विहिरीत पोहायला कशी शिकले, हा माझा विषय. खिडकीबाहेर धुक्यातून ट्राम तरंगत गेली आणि तिच्याकडे बघता बघता मी पुढचं सगळं विसरले. वयस्कर परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाणी गार होतं का, लव्ह?" तिथे कुणालाही मायेनं म्हणतात तसं त्यांनी विचारलं. मी डोळे मिटले. "वर कोमट, पायाशी गार," मी म्हणाले आणि हिरव्या पाण्यात उतरावं तशी बोलत गेले. पास झाले. तरी पुढच्या टर्मला त्याच वर्गात आपणहून नाव घातलं. मला अजून बोलायचं होतं, हे आज कळतं.