ओटीची गाठ

खरं सांगते, त्या महिन्यात माझं देवीशी भांडण चाललं होतं. माझी लेक रूपाली दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतलेली. तिसऱ्या खेपेला सातवा लागला, पिशवीला टाका घातलेला, आणि डॉक्टरीणबाईंनी पोटाला आधाराचा पट्टा सांगितलेला. जावई द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावला अडकलेले, म्हणजे कारभार माझ्याकडे. पहिला पट्टा पोटाला पुरेना. दुसरा इतका टोचे की रूपाली म्हणाली, "आई, हा घोड्याला घाल." तिसरा बरा निघाला. तो कसा बांधायचा हे डॉक्टरीणबाई दाखवत होत्या तेव्हा मी नुसती मान डोलावली. घरातल्या चार बाळंतिणींची पोटं मी बांधलेली, मला कोण शिकवणार? बाळंतिणीला बांधतात तसाच, बेंबीच्या वरून, करकचून आवळला. दम लागतो म्हणाली, तर म्हटलं होईल सवय.

तीन दिवस तिला घास जाईना. मी वैतागून मंगळवारी सकाळी देवीची ओटी भरायला गेले. भरायला कसली, जाब विचारायला. एवढं करते, अजून काय हवं तुला? रांगेतच खणात नारळ-तांदूळ घेऊन रागारागाने गाठ मारली, तर जुना खण फाटला आणि नारळ गडगडत मागच्या बाईच्या पायाशी गेला. पेठ तालुक्याकडची असावी, डोक्यावर भाजीची पाटी. तिने नारळ उचलला, फाटक्या खणाखाली तळहात धरून माझ्या हातात दिला.

"लय आवळलं, मावशी. खालून हात दे, आपसूक राहतंय."

देवीचं तोंडही न बघता रिक्षा केली, घरी येऊन आधी पट्टा सोडला. रूपालीच्या अंगावर लाल वळ उठलेले. मोठा श्वास घेऊन ती हळूच म्हणाली, "आई, बाळ सकाळपासून कमी हलतंय. तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

दवाखान्यात बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत मी देवीला एकही सूचना केली नाही. माझ्या आयुष्यातली तेवढीच खरी प्रार्थना. ठोके नीट होते. डॉक्टरीणबाईंनी मला मनसोक्त झापलं. हा पट्टा पोटाच्या खालून धरतो, उठताबसताना थोडा वेळ लावायचा, आवळायचा नाही, हे सिस्टरने माझ्याकडून दोनदा करून घेतलं. दुसऱ्यांदाही माझं चुकलं.

पुढच्या मंगळवारी त्या बाईला शोधत गेले, भेटली नाही. ती कोण, हे मी ठरवत बसत नाही. सांगायचं ते सांगून गेली, आणि माझ्यासारखीला सांगणं सोपं नाही, एवढं मला कळतं.

नववा लागल्यावर नात झाली. सिस्टरने बाळ आणलं तशी मी दुपटं कसं गुंडाळायचं ते सांगायला उठले. रूपाली म्हणाली, "आई, बस जरा."

मी बसले. मग सिस्टरने नात माझ्या मांडीवर दिली.