व्हायोलाची जागा

१९५६ साली राज्यांची फेररचना होऊन हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा मी कॉलेजात होते आणि आबिड्सला एका गोव्याच्या मास्तरांकडे व्हायोलिन शिकत होते. हैदराबादेत मुरलेले मास्तर, बोलायचे दखनीतच. त्यांचा छोटासा वाद्यवृंद होता. त्यात व्हायोला वाजवणारे कानडी गृहस्थ सरकारी नोकर. त्यांना तिकडं कानडी मुलखात, गुलबर्ग्याला जावं लागलं आणि जागा रिकामी पडली.

मास्तरांनी व्हायोला माझ्या हातात दिला. "बेटी, तुम्हारे हाताँ लंबे हैं. अब ये सँभालो."

मला रडूच आलं. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण अंगानं थोराड. हनुवटीखाली धरला की डावा हात भरून यायचा, बोटं लांब लांब टाकावी लागायची. व्हायोलिनची सगळ्यात बारीक, चढी तार याला नव्हतीच. उलट खालच्या बाजूला एक जाड, खर्जाची तार जास्तीची. मुख्य सुरावट व्हायोलिनवाल्यांकडे, आणि मी मध्येच कुठंतरी हुंकार भरायचा!

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी नुसती ती जाड तारच वाजवत बसले. सूर हनुवटीतून थेट छातीत उतरला. व्हायोलिननं असं कधी केलं नव्हतं.

पुढं वडिलांची औरंगाबादला बदली झाली. आम्ही मूळचे परभणीकडचे, त्यामुळे ते खूश होते. "तिकडं आपली भाषा, आपली माणसं," म्हणाले. मी इथंच हैदराबादेत, काचीगुड्याला मावशीकडे राहून शिकते म्हटलं, तर आईच आडवी आली. "तुझं वाजणं त्या घोळक्यात ऐकूसुद्धा येत नाही. त्यासाठी मागं राहायचं?"

हे कळल्यावर मास्तरांनी आईला तालमीला बोलावलं. सगळ्यांनी एक धून वाजवली. मग मास्तर मला म्हणाले, "अब तुम चुप बैठो," आणि तीच धून पुन्हा सुरू झाली.

आईनं जरा वेळ ऐकलं आणि माझ्याकडं वळली. "अगं, आता पोकळ का लागतंय हे?"

"तुम्हारी बेटी नईं बजा रई, अम्मा," मास्तर म्हणाले.

 घरी आल्यावर आई चप्पल काढता काढता वडिलांना म्हणाली, "हिला राहू दे इथं. मावशीला मी सांगते."

त्यांची गाडी सुटली तेव्हा फलाटावर मी खूप रडले. मग डोळे पुसून तशीच तालमीला गेले. मास्तरांनी नवी रचना काढली होती. तिच्यातला एक तुकडा एकट्या व्हायोलाचा होता. मी तो चुकत चुकत, पण शेवटपर्यंत वाजवला.