पाठ करून घेतलेली उत्तरं

फौजेत तपासणीच्या आधी तालीम होते. मोठे साहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना चुना लागतो, बुटांना पॉलिश होतं आणि साहेबांनी काही विचारलं तर काय बोलायचं तेही पाठ करून घेतात. लंगरात जेवण कसं असतं? "बहुत बढिया, सर." मी हवालदार होतो. माझ्या सेक्शनची तालीम मीच घ्यायचो आणि तिचं कौतुकही व्हायचं. जवानांची मनं तपासायला डॉक्टर आले, तेव्हा मी त्याचीसुद्धा तालीम घेतली.

आम्ही तेव्हा बर्फातल्या चौकीवरून नुकते खाली आलो होतो. वर असताना पहाऱ्यावरचा आमचा एक जवान कड्यावरून घसरलेल्या बर्फाखाली गेला. त्याला हातांनी उकरून काढलं ते माझ्या गाववाल्यानं. गाववाला म्हणजे आमच्या जिल्ह्यातला, जांब समर्थच्या अलीकडच्या एका खेड्यातला. घरी मेंढरं, बाप अजून कळपामागं फिरणारा. भरतीला ये म्हणून सुट्टीत मीच त्याला सांगितलं होतं. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी भाऊ.

उकरताना त्याच्या हाताला आधी पाय लागला होता, गार पडलेला. खाली आल्यावर तो रोज रात्री उठायचा आणि बराकीतल्या एकेकाच्या पांघरुणात हात घालून पाय चाचपायचा. गरम लागला की पुढच्या खाटेकडं.

पोरांनी त्याची चेष्टा सुरू केली. "आला रे पाया पडायला. आशीर्वाद देऊन टाका, म्हणजे झोपू देईल," साताऱ्याकडचा एक जण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "एवढ्या पाया तर नवरदेवसुद्धा पडत नाही." मीही हसायचो. माझाही पाय त्यानं चाचपला होता. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो होतो.

डॉक्टर प्रत्येकाशी एकांतात बोलणार होते. झोप, भूक, स्वप्नं, एकाएकी दचकणं, असं विचारणार होते. जवानांना त्यात एकाच गोष्टीची धास्ती होती. कॅटेगरी. म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नाही असा शेरा. तो लागला की हातातली बंदूक जाते, बढती अडकते आणि गावात कळलं तर डोक्यावर परिणाम झाला म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी मी सेक्शनला बराकीमागं झाडाखाली बसवलं.

"नींद?"

"बढिया, सर!"

"सपने?"

"घर के, सर!" त्यावर साताऱ्यावाला म्हणाला, "घरवाली के, सर!" सगळे खिदळले.

गाववाल्याची पाळी आली. "नींद आती है, सर, मगर..."

"मगर काढून टाक."

"पण भाऊ, मी तर रोज उठून राह्यलो ना."

"उठतो तर लघवीला उठतो. बोल."

तो म्हणाला, "लघवीला उठतो."

"जोरात."

तो जोरात बोलला.

दुसऱ्या दिवशी तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. "फिट, उस्ताद." मी त्याची पाठ थोपटली. शेवटी डॉक्टरांनी मलाही बोलावलं. थकलेला, भला माणूस होता. हातातलं पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हवालदार, तुम इनके साथ सोते हो. किसी की फिकर लगती है?"

मी म्हणालो, "नहीं सर. सब ठीक."

पुढं मी निवृत्त झालो. आता जालन्यात मस्तगडच्या मागं राहतो आणि सळयांच्या एका कारखान्यात सुरक्षेचं बघतो. तोही नोकरी संपवून गावी परतला होता. लग्नकार्यात भेट व्हायची. तो कमी बोलायचा आणि मला ते सोयीचं होतं.

या हिवाळ्यात त्याची बायको माझ्या दारात आली. सोबत धाकटी मुलगी होती, तिच्या पायाला पट्टी.

"भाऊजी, हे रात्री लेकरांचे पाय चाचपतेत," ती म्हणाली. "गार लागले की उठवून पळायला लावतेत. परवा हिच्या खाटेखाली शेकोटी केली. वाकळ पेटली. माझा भाऊ म्हणतो, लेकरं घेऊन चल परतूरला, हा माणूस दारुडा झालाय. दारूचा थेंब घेत न्हाईत हो. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाईला सांगतेत, समदं ठीक हाय. मंग त्या म्हणल्या, तिकडं सोबत असलेलं कोणी हाय का? तुम्ही या. तुमच्याबिगर कोणाला म्हणू?"

मी हो म्हणालो, पण नेमकं दवाखान्याच्या दिवशी कारखान्यात जादा काम निघावं, असं त्या रात्री मला वाटत होतं.

दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला, ताठ. डॉक्टरीणबाई वयानं लहान, आवाज मऊ. "झोप लागते का?" त्यांनी विचारलं.

"बढिया."

"रात्री उठता का?"

"लघवीला उठतो."

तोच सूर होता. जोरात. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"मॅडम," मी म्हणालो, "हे मी शिकवलेलं आहे."

मग बर्फापासून सगळं सांगितलं. पाय, बराक, चेष्टा, झाडाखालची दुपार. तो समोरच्या भिंतीकडं बघत होता. बाईंनी विचारलं, "तुम्ही असं का केलंत?" मी म्हणालो, "त्याची नोकरी राहावी म्हणून."

त्या म्हणाल्या, हा आजार तिथूनच सोबत आलाय आणि याला उपचार आहेत. वेळ लागेल. पुढच्या बुधवारी तिघंही या.

बसस्टँडवर तो चहा आणायला गेला. त्याची बायको म्हणाली, "माझ्या भावाला आता तोंड देता येईल मला. तुमचे लई उपकार. तव्हाबी तुम्ही ह्यांच्या भल्यासाठीच केलं."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण ती हात जोडून उभी होती.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "माझं नाव नायब सुभेदारीच्या बढतीसाठी वर गेल्तं. सेक्शनमधला एक जण असा निघाला असता तर मला विचारलं असतं, तुझं लक्ष कुठं होतं. म्हणून केलं."

तिनं हात खाली घेतले.

"मिळाली का?"

"काय?"

"सुभेदारी."

"मिळाली."

तो तीन चहा घेऊन आला. तिनं आपला घेतला आणि मुलीला घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. गाडी लागल्यावर चढता चढता ती एवढंच बोलली, "बुधवारी या. डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय म्हणून या. आन् ते त्येंना तुमच्या तोंडानं सांगा. मी न्हाई सांगणार."

बुधवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याला सांगितलं. अडखळत सांगितलं. माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही, मागितली असावी.

"भाऊ," शेवटी तो म्हणाला, "तुमचं नाव वर गेल्तं ते समद्या सेक्शनला ठावं होतं. तो साताऱ्यावाला रोज म्हणायचा, उस्तादाच्या खांद्यावर पट्टी चढली की मंग काय बिमार पडायचं ते पडा."

"मग तू का ऐकलंस माझं?"

"तुमी सांगितलं म्हणून." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आतून त्याचं नाव पुकारलं. मीही उठलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत बाकावर बसवलं.

"तुमी हितंच बसा, भाऊ. आज माझं मी सांगतो."

बायकोला घेऊन तो आत गेला आणि दार लोटून घेतलं. मुलगी बाहेर राहिली होती. माझ्यापासून लांब, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती पायाची पट्टी खाजवत होती. आतून त्याचा आवाज येत होता, इतका हळू, की शब्द कळत नव्हते.