मोरवेलीचा दुपट्टा

जठारपेठेच्या कोपऱ्यावर एक माणूस हातगाडीवर रोपं विकतो. बोलता बोलता बोटांनी मातीची ढेकळं चुरत असतो. त्याच्याकडून हौसेनं आणलेली मोरवेल गच्चीवर सुकायला लागली, तसा मी घाबरून तिचा फोटो घेऊन त्याच्याकडे पळालो. अकोल्याच्या उन्हात आपण डोक्याला बांधतो, तसा ओला दुपट्टा मी तिच्या शेंड्याला गुंडाळला होता!

"काहून जी, कालेजात धाडता का तिले?" तो खदाखदा हसला. "सोडा तो. येलीचं डोकं उन्हात अन् पाय सावलीत पायजे. कुंडीले झाका."

मी कुंडीभोवती विटा रचल्या, मातीवर पालापाचोळा पसरला. आज पहिलं पांढरं फूल उमललं! तोंडावर दाढीचा साबण तसाच ठेवून मी त्याला सांगायला धावलो.

"मंग इथं काय करून राहिले?" तो ओरडलाच. "पयल्या फुलाले पाहाले घरी कोनी नको का?"